दीडशे मीटर उंची, तीस सेकंद

नाशिककरांना विमानांचे अप्रूप नाही. ओझरच्या एचएएलमधली सुखोई आणि नाशिक रोडच्या गांधीनगरातली लष्करी हेलिकॉप्टरे यांचा आवाज इथल्या पोरांनाही ओळखू येतो. पण आपले शहरच समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचावर आहे. सागरी टेहळणीच्या विमानाला कित्येकदा याच्या पाव उंचीवर यावे लागते, खाली पाणी आणि वर अंधार अशा अवस्थेत.

24 मार्च 2015 च्या संध्याकाळी गोव्यात दाबोळीच्या आयएनएस हंसा तळावरून नौदलाचे डॉर्नियर 228 सरावासाठी निघाले. दोन टर्बोप्रॉप इंजिनांचे हे छोटे विमान कानपूरला एचएएलच बांधते. विमानात तिघे होते. रात्री दहाच्या सुमारास संपर्क तुटला आणि विमान समुद्रात कोसळले. कमांडर निखिल जोशी यांना मच्छीमारांनी वाचवले. लेफ्टनंट अभिनव नागोरी आणि लेफ्टनंट किरण शेखावत गेले. सर्वेक्षण नौका आयएनएस मकरने सोनारच्या मदतीने सांगाडा शोधला आणि 26 मार्चला, सुमारे 60 मीटर खोलीवर, किरण यांचा देह विमानातच सापडला.

किरण यांचा जन्म मुंबईचा. वडील नौदलात, पतीही नौदलात. अपघाताच्या दोनच महिने आधी, प्रजासत्ताक दिनी, त्या राजपथावर नौदलाच्या महिला तुकडीत चालल्या होत्या. कर्तव्यावर असताना प्राण गमावणाऱ्या त्या नौदलाच्या पहिल्या महिला अधिकारी. त्या ऑब्झर्व्हर होत्या. विमान वैमानिक चालवतो. रडारच्या पडद्यावर नजर ठेवणे, मार्ग आखणे, कुठले जहाज जवळून पाहायचे ते ठरवणे हे ऑब्झर्व्हरचे काम. त्यांच्या नावापुढे फक्त ‘पहिल्या’ एवढेच लिहून थांबणे मला अन्यायाचे वाटते. त्यांचे काम कळले पाहिजे.

ते काम करताना खाली का यावे लागते? रडारवर ठिपका दिसतो, पण ती मासेमारी बोट आहे की संशयित जहाज हे पक्के करायला जवळ जावे लागते. चंद्र नसलेल्या रात्री क्षितिज दिसेनासे होते. बोटींचे दिवे आणि तारे यांत फरक कळत नाही. विमान अगदी सावकाश कलत असेल तर कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा ते टिपतही नाही. शांत पाण्यावर तर दिवसाही उंचीचा अंदाज चुकतो.

भरवसा उरतो यंत्रांवर. साधा उंचीमापक हवेच्या दाबावर चालतो. विमान कमी दाबाच्या पट्ट्यात शिरले आणि यंत्रातला दाबाचा आकडा बदलला नाही, तर 10 हेक्टोपास्कलच्या फरकाने काटा सुमारे 80 मीटर जास्त उंची दाखवतो. 10,000 मीटरवर हे किरकोळ. 150 मीटरवर अर्ध्याहून अधिक उंची नाहीशी. म्हणून रेडिओ अल्टिमीटर लागतो. तो खालच्या पाण्यावर लहरी आपटवून खरे अंतर मोजतो आणि ठरवलेल्या मर्यादेखाली विमान गेले की इशारा देतो. तरीही मिनिटाला 300 मीटर वेगाने, म्हणजे काहीशा सौम्यपणेच, खाली येणाऱ्या विमानाला 150 मीटरवरून पाणी गाठायला 30 सेकंद पुरतात. चूक ओळखणे, बोलणे, सावरणे सारे तेवढ्यात.

अपघातानंतर विमान शोधणेही सोपे नसते. 2015 मध्येच, 8 जूनला, चेन्नईहून निघालेले तटरक्षक दलाचे डॉर्नियर तमिळनाडूच्या किनाऱ्याजवळ हरवले. त्यातही तिघे होते. या वेळी समुद्र खोल होता, जवळपास 950 मीटर. विमानातल्या ध्वनिसंकेत यंत्राची बॅटरी साधारण 30 दिवस टिकते. पाणबुडी आयएनएस सिंधुध्वजने तो संकेत पकडला 6 जुलैला, म्हणजे 28 व्या दिवशी. त्यानंतर रिलायन्सच्या ऑलिम्पिक कॅनियन जहाजाने जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात अवशेष गाठले. मोठ्या प्रवासी विमानांसाठी 2018 पासून हीच मुदत 90 दिवस केली आहे. तो नागरी नियम लष्करी विमानांना बंधनकारक नाही. नौदल आणि तटरक्षक दलाच्या लहानात लहान विमानातही 90 दिवसांचेच यंत्र असायला हवे, असे माझे ठाम मत आहे.