सात डाव, दोन विजय

३ मे २०२५ ची रात्र आठवते का? बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर चेन्नई सुपर किंग्जना जिंकायला २१४ हव्या होत्या. गुणतक्त्यात संघ तळाला, स्पर्धेतलं आव्हान आधीच संपलेलं. आणि सलामीला आलेला विरारचा सतरा वर्षांचा आयुष म्हात्रे भुवनेश्वर कुमारच्या एका षटकात २६ धावा कुटतो. शेवटी ४८ चेंडूंत ९४ करून तो बाद झाला. सामना चेन्नई २ धावांनी हरली.

सोमवारी सकाळी आमच्या पनवेल-सीएसएमटी लोकलच्या डब्यात दोन तट पडले. एक म्हणत होता, पोरानं मेलेल्या टीममध्ये जीव आणला. दुसरा म्हणाला, “कसला जीव? तो आल्यापासून चार मॅच झाल्या, चारही हरले.” मी मानखुर्दपर्यंत गप्प बसलो. पण दोघांची वाक्यं डोक्यातून जाईनात, कारण माहितीत दोघांचीही चूक नव्हती. चार सामने, चार पराभव हे खरंच होतं. प्रश्न असा की त्या ‘चारही हरले’चा आयुष म्हात्रेशी नेमका संबंध किती?

आजचा लेख त्यावर आहे. गाळात रुतलेल्या संघात नवखा खेळाडू येतो, तेव्हा पुढच्या निकालांतून त्याच्याबद्दल आपल्याला काय कळतं? सांख्यिकीत या प्रश्नावर बरंच काम झालंय, आणि त्यातलं बहुतेक आपल्या डब्यातल्या दोन्ही तटांना न आवडणारं आहे.

आधी हिशेब मांडू. ऋतुराज गायकवाडच्या कोपराला फ्रॅक्चर झालं, तो १० एप्रिलला स्पर्धेबाहेर गेला आणि त्याच्या जागी म्हात्रेला ३० लाखांत घेतलं. पहिला सामना २० एप्रिलला, तोही वानखेडेवर, मुंबई इंडियन्सविरुद्ध. तोवर चेन्नईचे ७ सामने झाले होते, त्यातले २ जिंकलेले. उरलेले सातही सामने म्हात्रे खेळला. त्याच्या धावा क्रमाने अशा: ३२, ३०, ७, ९४, ०, ४३, ३४. आणि त्या सातांत चेन्नई जिंकली किती? २.

म्हणजे तो येण्याआधी सातात दोन, आल्यावरही सातात दोन. गंमत पुढे आहे. ९४ केल्या तो सामना हरले आणि पुढच्याच सामन्यात, ७ मे रोजी कोलकात्याविरुद्ध, तो शून्यावर बाद झाला तेव्हा २ गडी राखून जिंकले! डब्यातल्या दुसऱ्या काकांचा निकष लावायचा तर म्हात्रेनं शून्यावरच बाद होत राहायला हवं होतं.

संघाचा निकाल हे एका खेळाडूला मोजायचं फार भोंगळ माप आहे. किती भोंगळ, ते नाण्यावरून बघा. समजा एखादा संघ अगदी मध्यम आहे, जिंकायची शक्यता दर वेळी निम्मी. सात सामने म्हणजे सात वेळा नाणं उडवणं. याचे एकूण १२८ प्रकारचे निकाल संभवतात. एकही विजय नाही असा १, एकच विजय असे ७, दोन विजय असे २१. एकूण २९. म्हणजे चांगला धडधाकट, मध्यम संघसुद्धा सातात दोन किंवा त्याहून कमी सामने जिंकण्याची शक्यता जवळजवळ २३ टक्के आहे. कुणाचंही काहीही न चुकता. सात निकालांमध्ये एवढी माहितीच नसते.

शिवाय या काळात बदललं ते फक्त म्हात्रेमुळे असंही नाही. कर्णधारपद धोनीकडे गेलं होतं. डेवाल्ड ब्रेव्हिस २५ एप्रिलपासून संघात आला, आणि कोलकात्याच्या त्या विजयात त्याचं वेगवान अर्धशतक होतं. चार गोष्टी एकदम बदलल्या की परिणाम कुणाच्या खात्यात टाकायचा? प्रयोगशाळेत असं केलं तर गाइड हाकलून देईल. (पहिल्या वर्षी मी तापमान आणि द्रावण एकाच दिवशी बदललं होतं. हाकललं नाही, पण पूर्ण महिन्याच्या नोंदी फेकाव्या लागल्या.)

आता थोडं अवघड. नवा माणूस आणतात कधी? सगळं सुरळीत चाललेलं असताना नाही. पाच-सहा पराभव झाले, लोक ओरडायला लागले, की मग. म्हणजे बदलाची वेळ आपण वाईटातल्या वाईट टप्प्यावर निवडतो. वाईट टप्प्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात, संघाची खरी कमजोरी आणि निव्वळ दुर्दैव. कमजोरी राहते, पण दुर्दैव रोज तितकंच पुरत नाही. त्यामुळे काहीही केलं नाही तरी पुढचे निकाल सहसा थोडे सुधारतात. फ्रान्सिस गाल्टननं १८८६ मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीच्या नोंदींत हे दाखवलं. खूप उंच आईवडिलांची मुलं उंच असतात, पण सरासरीच्या जरा जवळ सरकलेली. याला सरासरीकडे परतणं म्हणतात. आपण डॉक्टरकडे जातो तेही सर्दी अगदी शिगेला पोचल्यावर. मग औषधानं बरं वाटलं की सर्दीची वेळच भरली होती?

हॉलंडमध्ये यान फान ऑर्स आणि मार्टिन फान टाउल या अर्थशास्त्रज्ञांनी हेच तपासलं. तिथल्या अव्वल फुटबॉल लीगचे १४ हंगाम त्यांनी घेतले. हंगामाच्या मध्यात प्रशिक्षकाला काढलं, की पुढे निकाल सुधारतात हे खरंच निघालं. इथेच थांबले असते तर क्लबचे मालक खूश झाले असते. पण त्यांनी दुसरा गट शोधला: तितक्याच वाईट घसरणीतून गेलेले, पण प्रशिक्षक न बदललेले संघ. तेही तेवढेच सुधारले होते! २०१६ मध्ये हा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट निष्कर्ष नाही, तर तो दुसरा गट शोधायची चिकाटी. ‘केलं नसतं तर काय झालं असतं’ हे दिसत नाही, ते कुठूनतरी उभं करावं लागतं.

तुम्ही म्हणाल, आणि रोहित शर्मा? २०१३ मध्ये रिकी पाँटिंग ६ सामन्यांत ५२ धावा करून स्वतःहून बाहेर बसला, २४ एप्रिलला ईडनवर रोहित कर्णधार झाला आणि मुंबईनं त्याच वर्षी पहिलं विजेतेपद घेतलं. साखळीतल्या पुढच्या १० पैकी ८ सामने जिंकले. सातात दोनच्या तुलनेत हे आकडे वजनदार आहेत, आणि पुढच्या वर्षांनी रोहितच्या बाजूनं भरपूर पुरावा दिला. तरी दोन बारीक गोष्टी. त्याच्याआधी मुंबईनं ६ पैकी ३ जिंकले होते, म्हणजे संघ बुडत नव्हता. आणि पाँटिंग बसल्यामुळे परदेशी खेळाडूची एक जागा मोकळी झाली, त्या जागी ड्वेन स्मिथ सलामीला आला आणि त्या मोसमात त्यानं १३ सामन्यांत ४१८ धावा केल्या. कर्णधार बदलला हे आपल्या लक्षात राहतं. सलामीवीर बदलला हे कोण लक्षात ठेवतं?

या प्रश्नाचा सगळ्यात निर्दयी नमुना मात्र अमेरिकन फुटबॉलमध्ये सापडतो. तिथे क्वार्टरबॅक नावाची एक जागा असते. जवळजवळ प्रत्येक चालीत चेंडू आधी त्याच्या हातात येतो. तो फेकायचा, द्यायचा की घेऊन पळायचं हे त्यानं दोन-तीन सेकंदांत ठरवायचं. समोरून शंभर-सव्वाशे किलोचे गडी त्याला आडवा करायला धावत असतात आणि त्याच्याच संघातले पाच जण त्यांना अडवतात. आता नियम बघा: मागच्या मोसमात जो संघ सगळ्यात वाईट खेळला, त्याला नव्या खेळाडूंतून पहिली निवड मिळते. म्हणजे सगळ्यात हुशार पोरगा बहुतेक वेळा सगळ्यात मोडक्या संघात जाऊन पडतो.

डेव्हिड कार २००२ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेला, ह्यूस्टनच्या कोऱ्या करकरीत संघासाठी. त्या एका मोसमात चेंडू हातात असताना त्याला ७६ वेळा पाडलं. तो लीगचा विक्रम आहे. कारची कारकीर्द पुढे बहरली नाही. तो मुळात साधाच होता, की ७६ वेळा जमिनीवर आपटल्यामुळे साधा झाला? त्याच्या आकडेवारीकडे कितीही टक लावून बघा, उत्तर मिळणार नाही. उलट ट्रॉय एकमन. १९८९ मध्ये नवखा असताना त्यानं सुरुवात केलेले ११ च्या ११ सामने डॅलस हरला. नंतर त्याच संघाला त्यानं तीन सुपर बोल जिंकून दिले. पेटन मॅनिंगचा संघ १९९८ मध्ये, त्याच्या पहिल्या वर्षी, १६ पैकी फक्त ३ सामने जिंकला आणि त्याचे २८ पास प्रतिस्पर्ध्यांनी पकडले. पुढच्या वर्षी तोच संघ १३ जिंकला. सगळे सांगतात ती गोष्ट मात्र टॉम ब्रेडीची: २००१ मध्ये पहिले दोन सामने हरलेला संघ, मुख्य क्वार्टरबॅक जखमी, १९९ व्या क्रमांकावर निवडलेला दुसऱ्या वर्षाचा पोरगा येतो आणि थेट सुपर बोल जिंकून देतो. ती ऐकायला छान वाटते. पण अशा वेळी उतरवलेल्या ज्या पोरांचं काहीच झालं नाही, त्यांची नावं कुणी सांगत नाही, म्हणून ती नेहमीची वाटू लागते.

निकाल बाजूला ठेवू. निदान म्हात्रेच्या स्वतःच्या धावा तरी बोलतील? ७ डावांत २४०, सरासरी ३४ च्या आसपास. पण त्या सात आकड्यांचा विखुरलेपणा काढला (प्रमाण विचलन सुमारे ३०) तर ढोबळ हिशेबानं खरी सरासरी ११ ते ५७ यांच्यात कुठेही असू शकते. ११ म्हणजे तळाचा फलंदाज, ५७ म्हणजे अवतार. एकटा ९४ चा डाव काढला तर सरासरी थेट २४ वर येते. डावांपेक्षा चेंडू बरे: तो १२७ चेंडू खेळला, धावगती शंभर चेंडूंना १८९. सात नोंदींपेक्षा १२७ नोंदी जास्त सांगतात. म्हणूनच चांगले निवडकर्ते धावफलकापेक्षा पोरगा कुठला चेंडू कसा खेळला ते बघत बसतात.

अशा तुटपुंज्या माहितीचं करायचं काय, यावर ब्रॅडली एफ्रन आणि कार्ल मॉरिस यांचं उदाहरण प्रसिद्ध आहे. त्यांनी १९७० च्या बेसबॉल मोसमातले १८ फलंदाज घेतले, प्रत्येकाच्या फक्त पहिल्या ४५ संधी. रॉबर्टो क्लेमेंटेनं त्यात १८ फटके साधले होते, म्हणजे ०.४००. उरलेल्या मोसमात हा माणूस काय करेल? सरळ उत्तर, ०.४००. चार्ल्स स्टाइन यांच्या पद्धतीनं मात्र प्रत्येकाचा आकडा सगळ्यांच्या सरासरीकडे, ०.२६५ कडे, ओढायचा. वर आहेत त्यांना खाली, खाली आहेत त्यांना वर. ऐकायला अन्याय वाटतो. पण मोसम संपल्यावर ताडून पाहिलं तर ओढलेल्या अंदाजांची एकूण चूक (वर्ग करून मोजलेली) साध्या अंदाजांच्या साडेतीनपट कमी होती. क्लेमेंटे पुढे ०.३४६ वर स्थिरावला. ०.४०० पेक्षा बराच खाली, आणि पद्धतीनं सांगितलं होतं त्यापेक्षा बराच वर. खरंच असामान्य असलेल्या माणसावर ही पद्धत थोडा अन्याय करते, हे लपवायचं कारण नाही.

म्हात्रेला असं ओढायचं तर कुठल्या सरासरीकडे? सगळ्या नवख्यांच्या? की त्याची आधीची माहितीही धरायची? आयपीएलआधी तो ९ प्रथम श्रेणी सामन्यांत ५०४ आणि ७ लिस्ट ए सामन्यांत ४५८ धावा करून आला होता. त्यात महाराष्ट्राविरुद्ध १७६ आणि नागालँडविरुद्ध १८१. व्यावसायिक ट्वेंटी-२० मात्र एकही नाही. माझ्या मते ही माहिती धरायलाच हवी, थोडं वजन कमी करून. ‘सात डावांवरून काही कळत नाही’ म्हणणाऱ्यानं आधीचे डाव विसरायचे नसतात.

हे सगळं लिहायला बसलो ते खरं तर माझ्या मावसभावामुळे. चौदा वर्षांचा आहे, पनवेललाच खेळतो. गेल्या मोसमात त्याच्या संघात सलामीचा मुलगा आजारी पडला, याला उतरवलं. संघ आधीच तीन सामने हरलेला होता. यानं ४ आणि ११ केल्या, दोन्ही सामने गेले, आणि ‘हा प्रेशर घेऊ शकत नाही’ असं ठरवून त्याला बसवलं. दोन डाव. एका डावात तो धावबाद होता. मावशीनं मला विचारलं, “तू एवढं आकडेवारीचं शिकतोस, सांग ना त्यांना काहीतरी.” मी काय सांगणार? त्याला जमत नसेलही. पण ते त्या दोन डावांतून कळलेलं नाही, एवढंच मी ठामपणे सांगू शकतो. आता तो एक वही ठेवतो: प्रत्येक चेंडू, बॅटच्या मध्यावर बसला, कडेला लागला की सुटला. नेटमधलेही धरतो. गेल्या रविवारी चारशेच्या पुढे गेला होता.

आणि आयुष म्हात्रे? आयपीएल संपताच तो एकोणीस वर्षांखालच्या भारतीय संघाचा कर्णधार म्हणून इंग्लंडला गेला. एकदिवसीय मालिकेत धावा जवळपास झाल्याच नाहीत. मग दोन युवा कसोटी झाल्या आणि दोन्हींत त्यानं शतक ठोकलं. डब्यातले दोन्ही तट तेव्हाही आपापल्या जागी होते.