हलकी गोळी, जड हिशेब

राजगडावर पद्मावती माचीवर पोहोचलं, की बहुतेक ट्रेक ग्रुप फोटो काढतात, पिठलं-भाकरी हाणतात आणि बालेकिल्ल्याकडे सुटतात. माचीवरच्या दारूकोठाराकडे फार तर एखादा डोकावतो, आणि तोही ‘दारू’ या शब्दावर एक पीजे मारून पुढे जातो. खरं तर तिथे दोन मिनिटं थांबायला हरकत नाही. त्या काळची बंदूक ठासणीची. नळीत दारू ओतायची, गोळी टाकायची, गजानं ठासायची आणि मग बार काढायचा. प्रत्येक बार हातानं भरलेला. दारू कमी पडली तर गोळी जवळच पडणार, जास्त झाली तर आपलाच खांदा निखळणार!

आज स्पर्धेत पिस्तूल चालवणाऱ्यांच्या डोक्यातही हाच हिशेब चालू असतो. फक्त आता त्याला ‘रीलोडिंग’ असं स्टायलिश नाव आहे आणि मामला मिलिग्रॅमचा आहे.

फंडा साधा आहे. गोळी पुढे जाते तेव्हा पिस्तूल मागे आणि वर उडतं. गोळी जितकी जड आणि वेगवान, तितका धक्का मोठा. पिक्चरमधल्या हीरोला त्यानं फरक पडत नाही, पण २५ मीटर रॅपिड फायरच्या नेमबाजाला पडतो. त्याला पाच टार्गेटवर पाच गोळ्या झाडायच्या असतात, आधी ८ सेकंदांत, मग ६ आणि शेवटी ४ सेकंदांत. चार सेकंदांत आपला मोबाइलही अनलॉक होत नाही, बॉस! अशा वेळी हात वर उडून परत खाली येईपर्यंत गेम संपलेला असतो. म्हणून या प्रकारात पूर्वी पॉइंट टू-टू शॉर्ट हे अगदी कमी धक्क्याचं, चिमुकलं काडतूस वापरायचे. २००५ पासून नियम बदलला आणि सगळ्यांना थोडं दणकट पॉइंट टू-टू लाँग रायफल घ्यावं लागलं. नाव रायफलचं, पण पिस्तुलातही तेच.

हाताने काडतूस भरण्याची खरी मजा सेंटर फायर पिस्तुलात. २००६ च्या दोहा एशियन गेम्समध्ये जसपाल राणानं ५९० गुण मिळवून विश्वविक्रमाची बरोबरी केली, तो हा प्रकार. यात बहुतेक जण पॉइंट थर्टी-टूची सपाट तोंडाची शिशाची गोळी वापरतात. ती कागदावर पंचिंग मशीनसारखं गोल, स्वच्छ भोक पाडते, त्यामुळे गुण मोजताना वाद होत नाहीत. परदेशातले हौशी नेमबाज अशी काडतुसं घरच्या गॅरेजमध्ये बनवतात. रिकामी पितळी पुंगळी घ्यायची, तळाची जळलेली कॅप काढायची, पुंगळी दाबून मूळ मापात आणायची, नवी कॅप, तोलून दारू, वर गोळी. काटा ‘ग्रेन’च्या दहाव्या भागापर्यंत दाखवतो, म्हणजे साधारण साडेसहा मिलिग्रॅम. आपल्या सोनाराची गुंजसुद्धा याच्या अठरा-वीसपट भरेल.

मग दारू कमीच घालत जावी, धक्का लागणारच नाही, असं वाटतं ना? तिथेच गोची आहे. फार हलका बार भरला तर सरक पट्टी पुरती मागे जात नाही, रिकामी पुंगळी अडकते आणि पुढची गोळी चढतच नाही. त्याहून वाईट म्हणजे गोळी नळीतच अडकू शकते, आणि ते न कळता पुढचा बार काढला तर पिस्तुलाबरोबर हातही जाऊ शकतो. हलकं, पण विश्वासाचं, असा मधला बिंदू शोधण्यात लोकांचे महिने जातात.

आपल्याकडे मात्र गॅरेजचा विषयच नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा गुन्हा आहे. आणि आपली बहुतेक मुलं ज्या पॉइंट टू-टूवर खेळतात, ते पुन्हा भरताच येत नाही. त्यात वेगळी कॅप नसते. पेट घेणारा मसाला पुंगळीच्या काठातच भरलेला असतो, पिन तो काठ चेपते आणि पुंगळी बाद!

गंमत बघा. पुण्यात खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. २०२१ मध्ये तो ज्या म्युनिशन्स इंडिया कंपनीत गेला, तिचं मुख्यालयही पुण्यातच. तिथून थोड्याच अंतरावर बालेवाडीची रेंज. तरी मोठ्या स्पर्धेत आपल्या नेमबाजांच्या हातात असतात इले, आरडब्ल्यूएस, लापुआ, म्हणजे इंग्लंड नाहीतर जर्मनीची काडतुसं.

मग आपला नेमबाज करतो काय? निवडतो. एकाच ब्रँडचे दोन लॉट एकाच पिस्तुलात वेगळे वागतात. म्हणून कंपनीच्या टेस्ट रेंजवर वेगवेगळ्या लॉटची काडतुसं झाडून बघतात. भोकं जिथे सगळ्यात जवळजवळ पडतात, तो लॉट नंबर आपला. हापूसची पेटी घेताना आपण एवढी चिकित्सा करत नाही.

एका गोळीची किंमत कळायला कोल्हापूरच्या राही सरनोबतचा २०१८ चा एशियन गेम्सचा सामना आठवा. पालेंबांगला २५ मीटर पिस्तुलाच्या फायनलमध्ये ती आणि थायलंडची नफास्वान यांगपायबून ३४-३४ वर अडकल्या. शूटऑफमध्ये पाचपैकी दोघींचे चार-चार. पुन्हा शूटऑफ. राहीचे तीन, यांगपायबूनचे दोन. एशियन गेम्समध्ये नेमबाजीचं सुवर्ण जिंकणारी पहिली भारतीय स्त्री एका गोळीनं ठरली! त्या एका गोळीत हात आणि डोकं राहीचं, पण काडतूसही दगा न देणारं हवंच.

काडतुसं मोजून मिळतात, महागही पडतात. त्यामुळे सरावाचा मोठा भाग चक्क कोरडा असतो. गोळी न भरता, भिंतीसमोर उभं राहून चाप ओढायचा, शेकडो वेळा. माझ्या मते या खेळातली खरी मेहनत ही आहे. ना आवाज, ना धूर, ना इन्स्टावर टाकायला काही.

तुम्हाला हात साफ करून बघायचा असेल तर सुरुवात १० मीटर एअर पिस्तुलानं करा. त्याचा छर्रा जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा, दारूचा पत्ता नाही, धक्काही नावापुरता. बालेवाडीच्या रेंजवर आधी चौकशी करा आणि जीन्सच्या खाली सपाट तळाचे बूट घाला. पहिल्या दिवशी दहाच मिनिटांत हात थरथरायला लागेल.