अंगाला हात न लावू देणारा कुत्रा

घोड्याला खरारा करतात. परंतु कुत्र्याचे केस विंचरणे, त्यास न्हाऊ घालणे, कान पुसणे, नखे कापणे या सर्वांना मिळून मराठीत एकच असा रूढ शब्द नाही. आपल्याकडील कुत्रा दाराशी किंवा शेताच्या बांधावर राहून आपली निगा आपणच राखीत असे, हे त्याचे कारण असावे. दिल्ली, गुरुग्राम, नोएडा येथील सदनिकांत मात्र आता हस्कीसारखे शीत प्रदेशातील दाट केसांचे कुत्रे पाळले जातात आणि रस्त्यावरून आणलेले देशी कुत्रेही. पहिल्याच्या केसांत गुंता होऊन कातडी ताणली जाते. दुसऱ्याच्या अंगावर उन्हाळ्यात व पावसाळ्यात गोचिडी चढतात. अशा वेळी फणी दिसताच कुत्रा गुरगुरू लागला, तर काय करावे?

गोचिडीचा प्रश्न क्षुल्लक नव्हे. तपकिरी गोचीड भिंतीच्या भेगांत सहस्रावधी अंडी घालते आणि रक्त शोषताना कुत्र्याच्या शरीरात रोगजंतू सोडते. त्यांपैकी ‘बॅबेसिया गिब्सनी’ या परजीवीचे प्रथम वर्णन पॅटन यांनी १९१० मध्ये मद्रास येथे केले. हा परजीवी तांबड्या रक्तपेशींचा नाश करतो व कुत्र्याच्या हिरड्या पांढुरक्या पडतात. गोचीड बसते ती कानाच्या आतील बाजूस, मानेखाली, बोटांच्या बेचक्यांत; आणि नेमक्या याच जागी हात लावलेला पुष्कळ कुत्र्यांना खपत नाही.

हा विरोध हट्टाचा नसून बहुधा भीतीचा किंवा वेदनेचा असतो. आजवर शांत असलेला कुत्रा एकाएकी कान धरू देईनासा झाला, तर कान दुखावला आहे काय, हे प्रथम पशुवैद्याकडून पाहून घ्यावे. भीतीचे मूळ मात्र अनेकदा बालपणात सापडते. फ्रीडमन, किंग व एलियट या अमेरिकन संशोधकांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पिल्ले कुंपणाच्या आत, माणसाच्या सहवासावाचून वाढविली होती. चौदा आठवडे ज्यांना माणसाचा सहवास मिळालाच नाही, ती पुढे माणसाला बुजतच राहिली. रस्त्यावरच्या पिल्लाला माणूस ओळखीचा असतो, पंजा धरला जाणे ओळखीचे नसते. निर्बीजीकरणासाठी जाळ्यात पकडला गेलेला, कानाला खूण केलेला प्रौढ कुत्रा तर तो प्रसंग विसरला नसेल, असेच धरून चालावे.

कुत्र्याला अन्न देण्यापूर्वी ठरावीक संकेत वारंवार दिला, तर पुढे नुसत्या संकेतानेही त्याच्या तोंडाला लाळ सुटते, हे पाव्हलॉव्ह यांनी दाखविले. यालाच अभिसंधान म्हणतात. फणीमागून वेदना आली की फणी हाच भीतीचा संकेत होतो. परंतु ज्या नियमाने भीती जडते, त्याच नियमाने ती उतरविताही येते. मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये सशाला भिणाऱ्या एका बालकाला आवडीचा खाऊ देत देत ससा हळूहळू जवळ आणला आणि त्याची भीती घालविली.

कुत्र्याच्या बाबतीतही हेच करावयाचे. फणी दुरून दाखवावी व तत्काळ खाऊ द्यावा. ती पाहून कुत्रा शेपटी हलवू लागेल, तेव्हा पाठीला क्षणभर टेकवावी. येथे क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी स्पर्श, मग खाऊ. उलट केल्यास खाऊ हाच संकटाचा संकेत ठरतो आणि कुत्रा खाऊलाही संशयाने पाहू लागतो. मान फिरविणे, ओठ चाटणे, जांभई, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे, अंग ताठ होणे या खुणा दिसताच थांबावे. गुरगुरण्याबद्दल मारू नये. मार खाल्लेला कुत्रा गुरगुरणे सोडतो, चावणे सोडतोच असे नाही. चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवून, विलंब न लावता रुग्णालयात जाऊन अलर्करोधक लसीविषयी सल्ला घ्यावा.

मळणीच्या वेळी बैलांना बांधतात तशी जाळीची मुसकी येथे उपयोगी पडते. तीही खाऊ देऊनच सवयीची करावी. कापडी पट्टीने तोंड घट्ट आवळणे दिल्लीच्या उन्हाळ्यात धोक्याचे आहे, कारण कुत्रा मुख्यतः धापा टाकून शरीर थंड राखतो. याच उन्हाळ्यासाठी हस्कीचे केस मुळापर्यंत भादरण्याची चालही बरी नव्हे. गुंता सोडवावा व आतील गळालेली लव काढावी. वरचे केस त्वचेला उन्हापासून सांभाळतात.

नखांचे काम सर्वांत शेवटी घ्यावे, कारण नखाच्या आत रक्तवाहिनी व मज्जातंतू असतात आणि एकदा ती कापली गेली की कित्येक आठवड्यांचे श्रम वाया जातात. अग्राचा केवळ बारीक तुकडा काढावा. बहुतेक कुत्र्यांना अठरा नखे असतात. दिवसाला एक कापले, तरी तीन आठवड्यांच्या आत फेरी पूर्ण होते, आणि तोवर पहिले नख पुन्हा कापण्याजोगे वाढू लागलेले असते.