एकाच खुराड्यात बॅन्टम आणि असील : जागेची बचत की घाट्याचा सौदा?

केनवडला आमच्या घरामागे पत्र्याचे एक खुराडे आहे. असील आणि गावठी मिळून दहा-बारा पाखरे त्यात पूर्वीपासून होती. पुढे पोरांनी हट्ट धरला म्हणून बॅन्टमची एक जोडी आणि सिल्कीच्या तीन तलंगा आणल्या. जागा आहे, दाणा आहे, ही चिमुकली त्यातच राहतील, असा आमचा हिशेब होता. तो कुठे चुकला हे लिहितो, कारण दुकान किंवा कारागिरी सांभाळून हा जोडधंदा करू पाहणारे बांधव आम्हाला हेच विचारत असतात.

बॅन्टम हे नाव जावा बेटावरच्या बांतेन बंदरावरून पडले. या लहान जातीचा नर किलोच्या आतबाहेर भरतो. चांगला असील नर तीन-चार किलोंचा. एवढ्या वजनाचा नर लहान मादीवर चढला की नखांनी तिची पाठ फाटते. रक्त दिसले की बाकीची पाखरे तिथेच चोचा मारतात. आमची एक सिल्की तलंग आठवड्याच्या आत अशीच गेली. तिचा तुरा डोळ्यांवर येतो, त्यामुळे कोण अंगावर आले हेही तिला वेळेवर दिसत नाही. असीलच्या माद्याही कमी भांडकुदळ नाहीत. गावठी माद्यांबरोबर मात्र बॅन्टम बऱ्यापैकी नांदतात, विशेषतः पिल्लांपासून एकत्र वाढल्या तर.

मग आम्ही खुराड्याच्या मधोमध जाळी मारली. तरी दोन्ही नर जाळीतून झुंजत तुरे रक्ताळून घेऊ लागले. जाळीच्या खालच्या दीड-दोन फुटांना पत्रा लावला, एकमेकांचे तोंड दिसेना, तेव्हा शांतता झाली. (झुंजी लावण्याचा शौक असणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याने तो गुन्हा आहे.) बॅन्टमला उंच दांडी हवी, ती सहज उडते. सिल्कीला उडता येत नाही आणि तिची पिसे पावसात पाणी झटकत नाहीत. तिला खाली, पण कोरड्या भुशावर जागा द्यावी. मोठ्या कोंबडीला दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाद्य लागते, बॅन्टमला त्याच्या निम्म्याने भागते. पण भांडे एकच असेल तर तिला तेवढेही मिळत नाही. दाण्याची भांडी दोन ठेवावीत.

आता धंद्याची खरी गोष्ट. शौकीन गिऱ्हाईक वजनाला नव्हे, जातीला पैसे देते. आमची बॅन्टम मादी सुरुवातीला असील नराच्या संगतीत होती. जाळी मारल्यावर आठच दिवसांनी आम्ही तिची अंडी उबवायला घातली आणि पिल्ले अस्सल बॅन्टम म्हणून रिसोडच्या एका गिऱ्हाइकाला दिली. तीन महिन्यांत त्यातल्या निम्म्या पिल्लांचे पाय लांब, मान उंच! नराचे बीज मादीच्या अंगात दोन-तीन आठवडे टिकते, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हते. पैसे परत केले, पण ते गिऱ्हाईक पुन्हा फिरकले नाही. नर बदलल्यावर निदान महिनाभराची अंडी खाण्यात घालवावीत, उबवू नयेत. आणि संकर झालेले पिल्लू विकायचेच असेल तर तो ऐब आधी सांगून विकावे.

रोगाच्या बाबतीत लहान-मोठे असे काही नसते. मानमोडी, म्हणजे राणीखेत, आली की खुराडे रिकामे होते. म्हणून लस सगळ्यांना एकाच वेळी टोचून घ्यावी. बाजारातून आणलेले पाखरू तीन-चार आठवडे घराच्या दुसऱ्या टोकाला वेगळे ठेवावे. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला देशात पहिल्यांदा बर्ड फ्लू आढळला; जानेवारी २०२१ मध्ये तो परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात निघाला, म्हणजे आपल्यापासून फार लांब नाही. अशा वेळी बाधित भागातली सगळीच पाखरे मारावी लागतात आणि भरपाई सरकारी दराने मिळते, शौकाच्या किमतीने नव्हे. महागड्या जोडीत भांडवल गुंतवताना हा हिशेब आधी करावा.

दोन्ही जाती जवळ ठेवण्याचा एक फायदा मात्र आम्हाला पुरेपूर मिळाला. सिल्की वरचेवर खुडूक बसते आणि कोणाचीही अंडी आपली मानून उबवते. मोठी अंडी तिच्याखाली पाच-सहाच ठेवावीत, जास्त ठेवली तर कडेची गार पडतात. गेल्या हंगामात आमच्या सिल्कीने असीलची पाच पिल्ले काढली. महिना-दीड महिन्यात ती आईएवढी झाली, तरी रात्री तिच्याच पंखाखाली डोकी खुपसत. नरांनी एकमेकांवर माना फुगवायला सुरुवात केली त्या दिवशी त्यांना जाळीपलीकडे टाकले.