गवताचा भाव आणि गोदाराणी

१९४५ साली मुंबईच्या पुष्कळ म्हशी शहरातल्याच तबेल्यांत होत्या. आरे कॉलनी निघाली १९४९मध्ये. तोवर भायखळा-परळच्या चाळींत शहरातल्या गोठ्यांचं दूध पोचायचं. जनावरांची वैरण डहाणू-उंबरगावच्या कुरणांतून रेल्वेने यायची. ती कापणाऱ्या वारली आदिवासीला काय मिळतं, हे दूध घेणाऱ्याला विचारावंसं वाटलं नव्हतं. तो हिशेब मांडला गोदावरी परुळेकरांनी; आधी संपात, मग पुस्तकात.

माहेरच्या त्या गोखले. जन्म १९०७, पुणे. वडील नामांकित वकील, स्वतःही कायद्याच्या पदवीधर. १९३२च्या सत्याग्रहात तुरुंग झाला. पुढे मुंबईत त्या भारत सेवक समाजाच्या पहिल्या महिला आजीव सदस्य झाल्या. साक्षरतेचे वर्ग चालवता चालवता घरगड्यांची संघटना उभी केली. १९३८च्या ७ नोव्हेंबरच्या, औद्योगिक तंटे विधेयकाविरुद्धच्या संपाने गिरणपट्टा ढवळून निघाला. त्या काळात शामराव परुळेकर आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार होते. १९३९मध्ये गोदावरी-शामरावांचं लग्न झालं आणि दोघं कम्युनिस्ट पक्षात गेले.

घरगड्याच्या कामाला वेळेची मर्यादा नव्हती, दराचा पत्ता नव्हता. पुढे वारल्यांत काम करू लागल्यावर हेच त्यांना अधिक भीषण रूपात दिसलं. जमीनदाराच्या शेतावर वेठ फुकट. लग्नासाठी कर्ज काढलेला लग्नगडी बायकोसह सावकाराच्या दारी राबायचा. जानेवारी १९४५मध्ये टिटवाळ्याच्या किसान परिषदेला काही वारली आले. २३ मे रोजी झरीला हजारोंनी ठरवलं : वेठ बंद, रोज बारा आणे रोख.

पावसाळ्यानंतर गवताचा प्रश्न आला. मागणी होती ५०० पौंडांना अडीच रुपये, म्हणजे एका आण्याला साडेबारा पौंड. एवढ्यासाठी संप करावा लागला, यावरून आधीची मजुरी किती असेल ते समजावं. ऑक्टोबरमध्ये गोदावरीबाईंवर हल्ला होणार अशी अफवा पसरली आणि माणसं तळवाड्याला धावली. पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगडसह पाच वारली मारले गेले. परुळेकरांना जिल्हाबंदी झाली, तरी संप मोडला नाही. वारली बाईंना गोदाराणी म्हणत.

पंचवीस वर्षांनी, १९७०मध्ये, ‘जेव्हा माणूस जागा होतो’ प्रसिद्ध झालं. १९७२चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. पुढाऱ्याच्या आठवणींत एरवी सभा, अटका, सत्कार यांची भरताड असते. इथे आधी वारल्याची भीती येते, मग ती कशी गळाली ते. बाई या गोष्टीतलं एक पात्र आहेत. शामरावांनी १९६५मध्ये स्थानबद्धतेतच देह ठेवला, बाईंच्या वाट्यालाही दीर्घ कारावास आला. पण तुरुंगाची कहाणी त्यांनी ‘बंदिवासाची आठ वर्षे’ या वेगळ्या पुस्तकाला दिली.

१९८६ साली त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या, १९९६मध्ये वारल्या. त्यांचं पुस्तक आदिवासी चळवळीच्या कप्प्यात ठेवलं जातं. मुंबईच्या इतिहासाच्या कप्प्यातही त्याची जागा आहे, कारण शहर स्वस्त कशावर चालत होतं, याचा जमाखर्च त्यात आहे.