दर वाढला की कुणाचे बिल वाढते?

आमच्या ओळखीच्या एक खाला कुर्ल्याच्या एका चाळीत राहतात. दहा घरांत मिळून एक नळ, बिल सेक्रेटरीच्या नावावर, आणि दर महिन्याला प्रत्येक घराकडून ठरलेली रक्कम. ‘महानगरपालिका पाणी महाग करणार’ अशी बातमी वर्तमानपत्रात आली की दुसऱ्याच महिन्यात त्यांचे पन्नास रुपये वाढतात. मग ती वाढ झालेली असो वा नसो! खालांनी आजपर्यंत मूळ बिल डोळ्यांनी पाहिलेले नाही.

पाण्याच्या दरवाढीवर आपल्या घरांत तक्रार खूप होते, हिशोब मात्र कमी होतो. म्हणून आज मुंबईचे उदाहरण घेऊन थोडा हिशोब करू.

मुंबईला सात तलावांतून पाणी येते. त्यांतले विहार आणि तुळशी शहरातच आहेत. तानसा, मोडक सागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा शहरापासून दूरवर पसरलेले आहेत. रोज साधारण 3,900 दशलक्ष लिटर पाणी शहराला दिले जाते. धरणे, जलवाहिन्या, शुद्धीकरण, वीज, पगार हे सगळे महागते, हे प्रशासनाचे म्हणणे खोटे नाही. त्यासाठी 2012 मध्ये स्थायी समितीने एक मंजुरी देऊन टाकली: दरवर्षी 16 जूनपासून जास्तीत जास्त 8 टक्क्यांपर्यंत दर वाढवता येतील. म्हणजे प्रत्येक वेळी नगरसेवकांनी सभागृहात बसून वाद घालायची गरजच उरली नाही. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. त्याच वर्षीच्या जूनपासून 7.12 टक्के वाढ लागू झाली. 2023 मध्ये पुन्हा प्रस्ताव आला, तेव्हा राजकीय विरोध झाला आणि तो बाजूला ठेवला गेला.

आता बिल. 2022 च्या वाढीनंतर इमारतींतल्या घरांसाठी दर झाला हजार लिटरला 6 रुपये 36 पैसे. झोपडपट्टी आणि चाळींसाठी तो याहूनही कमी असतो. दुकाने, कारखाने, पंचतारांकित हॉटेले यांना कितीतरी पट जास्त. पाण्याच्या या रकमेवर 70 टक्के मलनिःसारण आकार लागतो. सांडपाण्याला वेगळा मीटर नसतो. जितके पाणी घरात आले त्यावरच तो मोजला जातो. म्हणून पाण्याचा दर वाढला की मलनिःसारणही आपोआप वाढते. नळ गळत असेल तर त्या गळतीचेही दोन्ही पैसे आपणच भरतो.

पाच माणसांचे घर, माणशी रोज 135 लिटर, म्हणजे महिन्याला सुमारे 20,000 लिटर. पाण्याचे झाले 129 रुपये, वर मलनिःसारणाचे 90, एकूण 219. त्यावर पूर्ण 8 टक्के वाढ झाली तरी महिन्याला साडेसतरा रुपये. खालांचे पन्नास कुठून आले, हा प्रश्न आता ज्याने त्याने आपल्या सेक्रेटरीला विचारावा. कदाचित मोटारीची वीज असेल, दुरुस्ती असेल; कारण खरे असेल तर सांगायला हरकत नसावी.

एकत्र कुटुंबांसाठी एक गोष्ट महत्त्वाची आहे. माणशी रोज 150 लिटरपर्यंत साधा दर, 150 ते 200 ला दुप्पट, 200 ते 250 ला तिप्पट आणि त्यापुढे चौपट, अशी टप्प्यांची पद्धत आहे. हिशोबात एका सदनिकेत पाच माणसे धरतात, म्हणजे 750 लिटर. आपल्याकडे दोन भाऊ, त्यांच्या दुल्हनी, मुले आणि अम्मी-अब्बा एकाच घरात असणे नवे नाही. आठ माणसांनी काटकसरीने 100 लिटर वापरले तरी 800 होतात. अशी घरे जास्त असलेल्या सोसायटीत बिल उधळपट्टी न करताही वरच्या टप्प्यात सरकू शकते. हे लेखी मांडायला हवे.

मशिदीच्या वजूखान्याचेही तेच. रसूलुल्लाह (स.) एका मुद् पाण्यात वजू करीत, म्हणजे लिटरभरही नाही. आपण तोटी पूर्ण उघडून मिसवाक शोधत बसतो.

पण माझ्या मते दरवाढीच्या चर्चेत सर्वांत मोठी चूक दुसरीच आहे. ज्यांच्याकडे नळच नाही, ते या चर्चेत कुठेच नसतात. वीस लिटरचा कॅन पाच रुपयांना घ्यावा लागला, तर हजार लिटर पडले अडीचशे रुपयांना. पाच माणसांनी जेमतेम 45 लिटरवर दिवस काढला, तरी महिन्याचे जवळजवळ सतराशे रुपये झाले. इमारतीतल्या घराच्या तिसऱ्या हिश्शाइतके पाणी, आणि पैसे पावणेआठ पट. शिवाय ते पाणी भरण्यासाठी पहाटे उठते कोण? सहरीच्या दिवसांत तर मुलींची शाळाही त्या रांगेत जाते.

15 डिसेंबर 2014 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हक्क समितीच्या याचिकेवर निकाल देताना पाणी हा संविधानाच्या 21 व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. झोपडी अनधिकृत असली तरी तिथल्या माणसाला पाणी पूर्णपणे नाकारता येणार नाही, असे त्यातून ठरले. 2022 मध्ये महानगरपालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण आणले. जोडणी नसलेल्या घरांनी ओळखपत्र आणि राहत्या जागेची माहिती घेऊन विभाग कार्यालयातील जलकामे खात्यात अर्ज करावा आणि त्याची पोच जरूर घ्यावी. पोच नसलेला अर्ज पुढे सापडत नाही, हा अनेकांचा अनुभव आहे.

खालांच्या मुलीने गेल्या आठवड्यात सेक्रेटरींकडे बिलाची झेरॉक्स मागितली. ‘जुम्म्यानंतर देतो’ म्हणाले आहेत. तिने तोवर दहाही घरांतली माणसे एका वहीत मोजून ठेवली: त्रेसष्ट.