‘पट्टी’ ते ‘पटी’ : पायाच्या एका संरक्षक वेष्टनाच्या नावाची व्युत्पत्ती व अर्थ

प्रस्तावना

शब्द एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जातो, तेव्हा त्याचे सर्व अर्थ त्याच्याबरोबर जातातच असे नाही. इंग्रजीतील ‘पटी’ हा शब्द याचे बोलके उदाहरण होय. घोट्यापासून गुडघ्याखालपर्यंत पोटरीभोवती गुंडाळावयाची लांब कापडी पट्टी, असा त्याचा अर्थ आहे. प्रस्तुत लेखात या शब्दाचे मूळ व त्याचा अर्थप्रवास यांचा थोडक्यात परामर्श घेतला आहे.

व्युत्पत्ती

इंग्रजीने हा शब्द एकोणिसाव्या शतकात हिंदी ‘पट्टी’वरून घेतला. तत्कालीन इंग्रजी लेखनात ऱ्हस्व ‘अ’साठी ‘यू’ हे अक्षर योजले जाई; ‘पंजाब’ व ‘पंडित’ यांच्या रोमन लेखनातही तेच दिसते. ‘पट्टी’चे मूळ संस्कृत ‘पट्ट’ या शब्दात आहे. टर्नर यांच्या तुलनात्मक कोशात (१९६६) फळी वा पाटी या अर्थाचा ‘पट्ट’ आणि वस्त्र या अर्थाचा ‘पट्ट’ अशा स्वतंत्र नोंदी आहेत. ताम्रपटाचा संबंध पहिल्या अर्थाशी, तर पोटरीवरील पट्टीचा दुसऱ्याशी जुळतो.

केवळ उच्चारसाम्यावरून व्युत्पत्ती ठरविणे मात्र धोक्याचे असते. काच बसविण्याच्या लांबीलाही इंग्रजीत ‘पटी’च म्हणतात; परंतु तो शब्द भांडे या अर्थाच्या शब्दापासून बनलेल्या फ्रेंच ‘पोते’वरून आला आहे.

अर्थसंकोच

मराठीत जखमेची पट्टी, फूटपट्टी, घरपट्टी, पाणीपट्टी, गायकाची पट्टी असा या शब्दाचा विस्तार आहे. इंग्रजीत मात्र प्रामुख्याने पायाची पट्टीच रूढ झाली. हॉब्सन-जॉब्सन या कोशानुसार हे वेष्टन हिमालयाच्या प्रदेशातून आले. ते चिखल, खडे व काटे यांपासून पोटरीचे रक्षण करी आणि घोट्याला आधार देई. १९०२ च्या सुमारास ब्रिटिश लष्कराच्या खाकी गणवेशात ते सर्रास रूढ झाले. पायदळाचे सैनिक पट्टी घोट्याकडून वर गुंडाळत, तर घोडदळाचे सैनिक गुडघ्याकडून खाली. पहिल्या महायुद्धात (१९१४-१८) ओल्या खंदकांत घट्ट बांधलेल्या पट्ट्यांमुळे रक्ताभिसरणास अडथळा येऊन पायांचे विकार बळावत. संरक्षक वस्तू अशा रीतीने अपायकारकही ठरली. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास आलेल्या नव्या गणवेशात तिची जागा घोट्यावरील आखूड वेष्टनाने घेतली.

मुंबईतील ‘पट्टेवाला’

याच कोशात ‘पट्टेवाला’ हा शब्द कचेरीतील निरोप्यासाठी मुंबईकडे प्रचलित असलेला शब्द म्हणून नोंदविला आहे. येथे पट्टा पायाचा नसून अंगावरचा, अधिकाराची खूण दर्शविणारा आहे. पट्टराणी या शब्दातील मस्तकावरच्या ‘पट्टा’शी त्याचे नाते सहज लक्षात येते. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत अशा राजचिन्हरूप पट्टांच्या लक्षणांवर स्वतंत्र अध्याय आहे.

समारोप

राणीच्या मस्तकापासून शिपायाच्या पोटरीपर्यंत एकाच शब्दकुळाने मजल मारली, आणि दरवेळी अर्थ निश्चित केला तो वापराने. म्हणूनच ‘आपला शब्द इंग्रजीत गेला’ एवढ्यावर समाधान मानणे पुरेसे नाही. तो कोणत्या अर्थाने, कोणत्या गरजेपोटी व कोणाच्या पायांनी गेला, हे पाहिल्याखेरीज व्युत्पत्तीचा विचार पूर्ण होत नाही.